दहावं उद्दिष्ट आणि आगाशे मॅडमचा स्कार्फ

त्वचारोग विभागातल्या पंधरा दिवसांत मला दहा उद्दिष्टं गाठायची होती. विद्यापीठाच्या वहीत 'उपस्थिती' आणि 'सही' असे दोनच रकाने होते, पण तेवढ्यावर समाधान मानतील तर त्या आमच्या विभागप्रमुख आगाशे मॅडम कसल्या! त्यांनी स्वतः टाइप केलेला कागद प्रत्येक इंटर्नच्या वहीत डिंकाने चिकटवून टाकला होता. समोर 'प्रशिक्षक' नावाचा रकाना, त्यात त्या हिरव्या शाईने सही करायच्या. दहाच्या दहा हिरव्या सह्या झाल्या की सुटका. एक जरी राहिली तरी पुन्हा पंधरा दिवस.

उद्दिष्टं तशी सरळ होती. नायट्याचे वीस पेशंट बघायचे. दहा जणांच्या खपल्या खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी शोधायची. एका तरी पेशंटला मेडिकलवाल्याने दिलेली ट्यूब कचऱ्याच्या डब्यात टाकायला लावायची आणि जाताना ती त्याने परत उचलली नाही ना, हे दारापर्यंत जाऊन पाहायचं. सहावं होतं: 'आपल्या गावी कातडीवर कोणते घरगुती उपाय करतात ते लिहा.' आणि दहावं: 'एक निदान स्वतः, कोणाचीही मदत न घेता करणे व ते पेशंटला तोंडावर सांगणे.'

सहाव्यापुढे मी पहिल्याच दिवशी 'निरंक' असं लिहून टाकलं. आमच्या परभणीच्या घरी कशावर काय लावतात हे मला चांगलं ठाऊक होतं. पण पहिल्या वर्षाला मी वर्गात एकदा 'पोट दुखलं की आई बेंबीत हिंग घालते' असं बोलून गेलो होतो, आणि पुढे दोन वर्षं अख्खी बॅच मला हिंग म्हणून हाक मारायची. आता डॉक्टर होता होता पुन्हा नवं नाव लावून घ्यायची माझी इच्छा नव्हती. माझ्या बरोबरची नम्रता कोथरूडची, तिने हळद, चंदन आणि कोरफड असं देखणं काहीतरी लिहून पहिल्याच दिवशी सही घेतली. मॅडमनी माझं 'निरंक' वाचलं, चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "परभणीत कातडी नसते वाटतं लोकांना." सही केली नाही. "आठवलं की सांगा," म्हणाल्या.

घाई मला होती, त्यांना नव्हती. हे माझं शेवटचं पोस्टिंग होतं. एकतीस मार्चच्या आत इंटर्नशिप संपली तरच त्या वर्षीच्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेला बसता येणार होतं, नाहीतर अख्खं वर्ष पाण्यात. तिकडे बाबांनी 'डॉ. आनंद नागोराव गिराम' अशी पाटी आधीच रंगवून घेऊन कपाटावर उभी करून ठेवली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला ती दाखवायचे. त्यामुळे मला त्या हिरव्या सह्या काही करून हव्या होत्या.

आमचं रुग्णालय सदाशिव पेठेतलं, जुनं, धर्मादाय. पण पेशंट साऱ्या पुण्याचे, कारण मॅडमचं नाव मोठं. दोन हजार सहा साल होतं. हिंजवडीकडे कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि तिकडची कातडी आमच्याकडे येत होती.

दहाव्या उद्दिष्टाचा पहिला प्रयत्न मी चौथ्या दिवशी केला. हिंजवडीहून संभाजी नावाचे एक गृहस्थ आले, बरोबर त्यांची आई बायडाबाई. जमीन कंपनीला गेली होती आणि शेतात जायचं कारण उरलं नव्हतं, म्हणून संभाजीराव आता घट्ट काळी जीन्स घालून दिवसभर गाडीत बसून असायचे. त्यांच्या दोन्ही मांड्या निळ्या पडल्या होत्या. खाज नाही, दुखणं नाही, नुसता निळा रंग. रक्तात प्राणवायू कमी, हृदयाची झडप, जन्मजात दोष, सगळं एका दमात आठवलं. मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "तुमच्या हृदयाची तपासणी लागेल."

"आवं, ह्रदय वर आस्तंय की," बायडाबाई म्हणाल्या.

मॅडम आल्या. त्यांनी स्पिरिटचा बोळा घेतला आणि संभाजीरावांच्या मांडीवर एकदा फिरवला. बोळा निळा झाला, मांडी साफ झाली.

"निदान?" मॅडमनी मला विचारलं.

मी स्टेथोस्कोप गळ्यातून काढून खिशात घातला.

"पँट," त्या म्हणाल्या. "उपचार, धुणे. पुढचा पेशंट."

दुसरा प्रयत्न आठव्या दिवशी. विश्वजीत नावाचा एक संगणक अभियंता आला. दोन्ही मांड्यांवर जाळीसारखी तांबूस-तपकिरी नक्षी. या वेळी मी स्पिरिटने आधी पुसून पाहिलं. निघालं नाही. मी मनातल्या मनात रक्तवाहिन्यांच्या सगळ्या दुर्मिळ आजारांची उजळणी करत होतो, तोवर त्याने बॅगेतून छापील कागदांची चवड काढली.

"डॉक्टर, मी नेटवर चेक केलंय. लॅपटॉप मांडीवर ठेवून रोज बारा तास काम करतो ना, त्याची हीट लागून होतं हे. फोटो पण मॅच होतोय बघा."

फोटो मॅच होत होता. मी धावत मॅडमकडे गेलो आणि निदान सांगितलं. मॅडमनी कागदांची चवड पाहिली.

"छान. वही द्या."

मी वही पुढे केली.

"तुमची नको, त्यांची द्या. निदान त्यांनी केलंय."

खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मला मॅडमचा भयंकर राग आला होता. सही मिळेना, आणि त्यात दोन दिवसांपासून माझी मान खाजायला लागली होती.

मानेला मागे, बरोबर मणक्यावर, रुपयाएवढा चट्टा उठला होता. आग होत होती आणि वर पाण्याचे बारीक फोड. आता कुणीही शहाणा माणूस म्हणेल, त्वचारोग विभागात बसतोस, दाखव की कुणालातरी. पण आमच्या ओपीडीच्या भिंतीवर लाल अक्षरात पाटी होती: 'संसर्गजन्य त्वचारोग झालेल्या शिकाऊ डॉक्टरांनी तत्काळ घरी जावे व पोस्टिंग पुन्हा करावे.' आठवडाभर मी खरजेच्या पेशंटांचे हात हातात घेऊन तपासले होते. मला खरूज झाली यात शंकाच नव्हती. दाखवलं की संपलं. मग मी कॉलर वर करून बसायला लागलो आणि खाज आली की फाइल आणायच्या निमित्ताने कपाटाआड जाऊन दाराच्या चौकटीला मान घासायला लागलो.

त्याच दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये खरजेची ट्यूब घ्यायला गेलो, तर काउंटरवर नम्रता उभी. केस मोकळे सोडून, मान झाकून.

"तू इथे?" मी.

"अरे, मावशीसाठी. तिला थोडं इचिंग होतंय. तू?"

"रूम पार्टनरसाठी."

दुकानदार आमच्याकडे पाहून म्हणाला, "एकच ट्यूब शिल्लक आहे, भांडू नका. दोन सकाळीच आगाशे मॅडमनी नेल्या. त्यांच्याही नातेवाइकाला झालीय म्हणे. तुमच्या दवाखान्यात सगळ्यांचे नातेवाईक फार खाजरे दिसतात."

आम्ही दोघांनी निमूटपणे ती ट्यूब अर्धी अर्धी वाटून घ्यायचं ठरवलं. वाटून घेताना नम्रताची मान मी पाहिली आणि माझी तिने.

दुसऱ्या दिवसापासून माझं लक्ष मॅडमच्या स्कार्फकडे जायला लागलं. पुण्यात स्कूटरवर बसणारी बाई तोंडाला स्कार्फ गुंडाळते, त्यात विशेष काही नाही. पण स्कूटरवरून उतरल्यावर तो काढतात. मॅडम काढत नव्हत्या. तोंडावरचा खाली ओढून गळ्याभोवती घट्ट बसवायच्या आणि मार्चच्या उकाड्यात, पंख्याखाली, अ‍ॅप्रनच्या कॉलरमध्ये खोचून दिवसभर बसायच्या. पेशंटला "खाजवू नका" असं दरडावताना त्यांचं पेन हळूच स्कार्फच्या आत जायचं आणि हिरवं टोपण मानेवर खालीवर व्हायचं.

तुम्हीच बघा, कसला विभाग तो. प्रमुख खाजवतेय, शिकाऊ खाजवताहेत, आणि तिघंही आपापली खाज लपवून परक्यांच्या खाजा बऱ्या करताहेत. ट्यूबने काडीचा फरक पडत नव्हता. उलट चट्टा मधोमध काळपट व्हायला लागला होता.

चौदाव्या दिवशी संभाजीराव परत आले. मांड्या आता स्वच्छ होत्या, पण बायडाबाईंना मॅडमचे आभार मानायचे होते आणि एक शेवग्याच्या शेंगांची जुडी द्यायची होती. मॅडम वॉर्डात गेल्या होत्या. मी त्या माय-लेकांकडे पाठ करून कार्ड शोधत होतो आणि शोधता शोधता खाजवत होतो.

मागून बायडाबाई म्हणाल्या, "डाक्टर, वाईच खाली वाका बरं."

"काय झालं?"

"वाका की."

मी वाकलो. त्यांनी माझी कॉलर दोन बोटांनी मागे ओढली आणि चटकन जीभ टाळ्याला लावून आवाज केला.

"बिब्बा उतलाय तुमाला. कुनी लावला ह्यो मानंला?"

कार्ड शोधायचं मी सोडून दिलं. कारण ते वाक्य मी ऐकलेलं होतं. माझ्या आईच्या तोंडून, आमच्या ओसरीवर, किमान पन्नास वेळा. उन्हाळ्यात टाचा फुटल्या की आई बिब्बा दिव्यावर धरायची, त्याचं तेल टपटप भेगेत सोडायची आणि बजावायची, आजूबाजूला लागू देऊ नको, उतंल. मी एकदा ते बोट कपाळाला लावलं होतं आणि आठ दिवस शाळेत गेलो नव्हतो. असाच चट्टा, असेच फोड, मधे असाच काळा डाग. मी हे विसरलो नव्हतो. मी ते 'निरंक'मध्ये टाकलं होतं.

मी अ‍ॅप्रन अंगातून काढला आणि कॉलर उलटी केली. आतल्या बाजूला, बरोबर मानेवर येईल अशा जागी, काळ्याभोर रंगात दोन ठिपके आणि एक रेघ. धोब्याची खूण, बिब्ब्याच्या तेलाने घातलेली. खुंटीवर नम्रताचा अ‍ॅप्रन होता, त्यावर तीन ठिपके. शेजारी मॅडमचा जादाचा होता, त्यावर एक फुली, चांगली ठसठशीत, प्रमुखाला शोभेल अशी.

विभागातल्या मावशी, मालनबाई, तिथेच फरशी पुसत होत्या. मी त्यांना विचारलं, धोबी बदललाय का?

"म्हंजे काय! महिना झाला. पहिला पेनानं नाव लिहायचा, ते धुतलं की जायचं आन् अ‍ॅप्रनं बदलायची. मोठ्या मॅडम किती वरडल्या. आता ह्यो उत्तरेश्वर आलाय बार्शीकडचा. तो म्हनला, माझी खून कापड फाटंल पर जानार न्हाई."

खूण जाणार नव्हतीच. ती आता आमच्या मानेवर आली होती.

मी बायडाबाईंच्या पाया पडलो. संभाजीराव घाबरून म्हणाले, "आवं डाक्टर, पँट धुतली म्या, पाया कशाला पडताय?"

त्या रात्री मला झोप आली नाही, आणि खाज हे त्याचं निम्मंच कारण होतं. माझ्यासमोर एक पेशंट होता ज्याचं निदान अजून कुणी केलेलं नव्हतं. पण तो पेशंट म्हणजे आगाशे मॅडम. बावीस वर्षं कातडी बघणाऱ्या बाईला, तुम्हाला काय झालंय ते तुम्हाला कळलेलं नाही, असं तोंडावर सांगायचं, आणि त्याच बाईची सही हवी. पुण्यात लोक यापेक्षा लहान कारणांवरून दहा दहा वर्षं बोलत नाहीत.

शेवटच्या दिवशी, शनिवारी, ओपीडी संपल्यावर मी त्यांच्या खोलीत गेलो. नम्रता दारात थांबली, पळायला सोपं जावं म्हणून.

"मॅडम, दहावं उद्दिष्ट."

"पेशंट कुठाय?"

"समोर बसलाय."

मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "गिराम, पुढचं वर्ष इथेच काढायचा विचार आहे का?"

नव्हता. पण आता मागे फिरणंही जमण्यासारखं नव्हतं. मी डोळे मिटले आणि पाठ केल्यासारखं सांगितलं, "आपल्या मानेवर मागे, कॉलरच्या जागी, रुपयाएवढा चट्टा आहे. लाल, वर पाण्याचे फोड, मधे काळपट. आठ-दहा दिवस झाले असतील. खरजेच्या दोन ट्यूब वापरून झाल्या, उपयोग झालेला नाही. ही खरूज नाही, संसर्ग नाही. हा बिब्बा उतलाय, मॅडम."

"ट्यूबचं कोणी सांगितलं?"

"आपल्या नातेवाइकाने."

नम्रताला दारात ठसका लागला. मी मॅडमचा जादाचा अ‍ॅप्रन टेबलावर पसरून कॉलर उलटी केली. त्यांनी भिंग काढलं. फुलीकडे बराच वेळ पाहिलं. मग सावकाश स्कार्फ सोडला आणि मान वळवली. चट्टा फुलीच्याच आकाराचा होता.

"धोब्याची खूण," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "मी हे दर वर्षी शिकवते. स्लाइड नंबर चौदा."

"हो मॅडम. आम्ही सगळे होतो तासाला."

"मीही होते," मॅडम म्हणाल्या.

मग एकदम ताठ बसल्या. "मदत कोणाची?"

इथे मी खोटं बोलू शकलो असतो. बायडाबाई हिंजवडीला निघून गेल्या होत्या, शेंगासुद्धा मालनबाई घेऊन गेल्या होत्या. पण माझ्या तोंडून खरंच आलं. "बायडाबाईंची. निळ्या पँटवाल्यांची आई."

"मग दहावं होत नाही. कोणाचीही मदत न घेता, असं स्पष्ट लिहिलंय."

माझ्या डोळ्यांसमोर कपाटावरची पाटी आली. राग आला, सगळ्यांचा, सगळ्यात जास्त माझाच.

मॅडम वही चाळत होत्या. "आणि हे सहावं 'निरंक'. परभणीला बिब्बे मिळत नाहीत?"

"मिळतात."

"तुमच्या घरी कोणी वापरत नाही?"

"आई वापरते. मला लाज वाटली म्हणून लिहिलं नाही."

"लावा फोन. विचारा आणि लिहा. स्वतःच्या घरचा इतिहास घेता येत नाही आणि पेशंटचा घ्यायला निघालेत."

मी फोन लावला. बाबांनी नुकताच मोबाइल घेतला होता आणि परभणी लांब आहे, म्हणून तो ओरडून बोलायचा असतो असा आईचा ठाम समज होता. त्यामुळे फोन माझ्या कानाला असला तरी ऐकू सगळ्या खोलीला येत होतं.

"आई, बिब्बा उतला तर काय करायचं?"

"का रं लेकरा, टाचा फुटल्या का?"

"टाचा नाही, मान."

"मान? बिब्बा मानेला कोन लावतंय? पुन्यात येड लागलंय का लोकायला? खोबरं चावून लाव, नाहीतर तीळ वाटून लाव. खाजू नको. तुला उतला?"

"मला, आणि आमच्या मॅडमला."

"मॅडमला? मंग त्यायला कळालं न्हाई, बिब्बा हाय म्हनून?"

मी मॅडमकडे पाहिलं. मॅडम छताकडे पाहत होत्या.

"नाही कळलं."

"आगं बया. कशाच्या डाक्टर हायत त्या?"

"कातडीच्या," मी म्हणालो.

त्यावर आई आयुष्यात पहिल्यांदा मोबाइलवर हळू आवाजात म्हणाली, "असू दे. सांगू नको कुनाला."

नम्रता दारातून दिसेनाशी झाली. बाहेरच्या बाकावर तिचं हसणं ऐकू येत होतं. मॅडमचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यांची मान हलायला लागली, आणि मग मी कधी पाहिलं नव्हतं ते पाहिलं. आगाशे मॅडम टेबलावर डोकं टेकून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी काढत, मधेच खाजवत.

हसून झाल्यावर त्यांनी वही ओढली. मी सहाव्यापुढे आई काय म्हणाली ते सगळं लिहिलं, खोबऱ्यासकट. त्यांनी दहाव्यापुढे लिहिलं, 'निदान बायडाबाईंचं. तोंडावर सांगणं यांचं स्वतःचं, कोणाच्याही मदतीशिवाय,' आणि खाली हिरवी सही केली. मग सहाव्यावर आल्या. मजकूर दोनदा वाचला. पण 'प्रशिक्षक' या रकान्यात आपलं नाव घातलं नाही.

"आईंचं पूर्ण नाव काय?"

"मुक्ताई नागोराव गिराम."

त्यांनी हिरव्या शाईत, ठळक अक्षरात, ते नाव लिहिलं आणि वही माझ्याकडे सरकवली. मी तिथेच उभा राहून ते पाहत बसलो. वर माझ्याच अक्षरातलं 'निरंक' होतं, त्याच्या खाली आईचं नाव. ते 'निरंक' मला सहन होईना. मी खोडायला पेन मागितलं.

"राहू द्या," मॅडम स्कार्फची घडी घालत म्हणाल्या. "पुढच्या बॅचला दाखवीन. स्लाइड नंबर पंधरा."